येणाऱ्यास तोफ!

"असा इतिहास शिकवीन, असा शिकवीन, की ही पोरं म्हातारी झाली तरी विसरायची नाहीत!"

चौथीच्या मास्तरांनी चहाचा कप टेबलावर आपटून ही घोषणा केली. आपटून म्हणजे, आपटायचा विचार करून हळूच ठेवून. कप फुटला असता तर?

"गेल्या वर्षी ज्वालामुखी केलात तेव्हाही हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली. "छताला अजून डाग आहे."

"सोडा जरा जास्त पडला होता गं."

"आता काय फोडणार?"

"काही फोडायचं नाही. बटाटे कापायचे. बावीस मुलं, अकरा बटाटे."

"अहो, मग घरीच कापा की! भाजीला हवेतच."

मास्तरांनी तिच्याकडे अज्ञ जीवाकडे बघावं तसं प्रेमानं बघितलं, टोपलीतले चांगले अकरा बटाटे निवडले आणि पिशवी उचलली.

आता मंडळी, या मास्तरांचा स्वभाव आधी सांगून ठेवायला हवा. माणूस देवमाणूस. पण भित्रा! खडू मोडला तरी दचकणार. वर्गात पाल दिसली तर मुलांना धीर देत देत स्वतः बाकावर चढणार. उंची सहा फूट, आणि काळीज चिमणीचं. गळा मात्र देवानं सढळ हातानं दिलेला. सकाळच्या प्रार्थनेला त्यांनी सूर लावला की पहिलीतली पोरं नाक ओढायचीसुद्धा थांबत. पण गाणं संपलं की आवाज पुन्हा खिशात.

त्या वर्षी तर मास्तरांची भीती दुप्पट झाली होती. शाळेचा पट उतरत उतरत अडुसष्टावर आला होता. वरून हुकूम आला होता, की अचानक तपासणी होईल आणि त्या दिवशी साठ मुलं हजर नसली तर शाळा पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. चौथीचे मास्तर जादा ठरणार आणि त्यांची बदली थेट सरहद्दीवरच्या शाळेत. तिथे एकट्यानं राहायचं! बायकोचं शिवणाचं दुकान इथे, अंथरुणाला खिळलेले वडील इथे. मास्तर झोपेतसुद्धा मुलं मोजत. साठ भरली की कूस बदलत.

तर त्या दिवशी तिसऱ्या तासाला मास्तरांनी बटाटे उभे कापून वाटले आणि म्हणाले, "मुलांनो, राजाला सगळीकडे जाता येत नाही. पण त्याचा शिक्का जातो! कागदावर शिक्का उमटला, की तो राजाचाच शब्द. आज तुम्ही सगळे राजे. शिक्का कोरा, आज्ञा लिहा आणि उमटवा!"

चमच्याचे दांडे आणि बोथट पेन्सिली घेऊन बावीस राजे कामाला लागले. दहा मिनिटांत वर्गाचं स्वयंपाकघर झालं. पहिले ठसे सगळे उलटे उमटले. एका राजानं चिडून शिक्का चावून टाकला.

मागच्या बाकावर मात्र शांतता होती. तिथे वकीलबाई बसली होती. वय वर्षं नऊ. प्रत्येक गोष्टीत 'पण का?' विचारते म्हणून अख्खी शाळा तिला याच नावानं ओळखायची. तिनं डब्याचं चकचकीत झाकण आरशासारखं उभं धरलं, आपलं प्रगतिपुस्तक त्यासमोर ठेवलं, आणि त्यावरचा शाळेचा गोल शिक्का झाकणात बघून उलटा कोरायला घेतला. मधोमध उघडं पुस्तक, पुस्तकावर दिवा, भोवती कडं. पाऊण तासात बटाट्यावर शाळा उतरली! दिव्याच्या ज्योतीत मात्र बटाट्याचा डोळा आल्यामुळे एक पांढरा ठिपका राहिला.

"वा! वा!" मास्तर हरखले. आनंदाच्या भरात त्यांनी लिपिकाकडून मागून आणलेलं जांभळ्या शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. वकीलबाईनं आज्ञा लिहिली, ठसा मारला. ठसा ओला होता. टेबलावर शाळेची सूचनावही पडली होती, चांगली जाडजूड. शिपाईमामांनी ती मघाशीच सहीला आणून ठेवली होती. मास्तरांनी कागद तिच्यात खुणेच्या पानावर ठेवला, वही मिटली, वर कोपर दाबलं आणि पुढच्या राजाकडे वळले.

इथेच घात झाला!

कारण शिपाईमामा आले, "झाली का सही?" म्हणाले, उत्तराची वाट न बघता वही उचलली आणि शिरस्त्याप्रमाणे वर्गावर्गांतून फिरवायला निघाले. आणि वही उघडली, की पहिला दिसणार होता वकीलबाईचा कागद:

*आमच्या आज्ञेवरून सर्वांस कळविण्यात येते की, उद्या आम्ही विश्रांती घेणार आहोत. सबब शाळा बंद राहील. कोणी येऊ नये. आल्यास तोफेच्या तोंडी देण्यात येईल. गय केली जाणार नाही.*

तुम्ही म्हणाल, एवढे शिकलेले शिक्षक, त्यांना संशय कसा आला नाही? अहो, कसा येणार! मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, नेहमी अश्शाच सूचना काढायच्या! मागच्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या आज्ञेशिवाय कोणी नळ उघडू नये. उघडल्यास कडक शासन होईल. गय केली जाणार नाही.'

तिसरीचे गुरुजी तर कागद वाचून नुसते म्हणाले, "बाईंचा पारा चढलाय आज. कालपर्यंत शासनावर भागत होतं, आता तोफेवर आल्या!" आणि सही. दुसरीच्या बाईंनी वह्या तपासता तपासता एका मुलाला वाचायला लावलं, वर्ग आरोळी ठोकून उठला, सही. पहिलीतली पोरं तोफ ऐकून रडायला लागली. त्यांना गप्प करता करता सही.

शेवटी वही फिरून चौथीत आली. मास्तर गुडघ्यांवर बसून बाकाखालची बटाट्याची सालं गोळा करत होते. मामांनी वही पुढे केली. मास्तरांनी ओल्या हातानं, मान वर न करता सही ठोकली.

शाळा सुटली. सुट्टीची बातमी एव्हाना चौथीच्या पोरांपर्यंतही पोचली होती; मुलं, शिक्षक उड्या मारत गेले. 'काय गोडी लागली आहे इतिहासाची!' असं मनाशी म्हणत मास्तर पिशवी भरत होते, तेवढ्यात मोठ्या बाईंनी बोलावलं.

"मास्तर, दार लावा." मास्तरांनी दार लावलं. "हे पत्र आत्ता आलं. उद्या बारा वाजता तपासनीस साहेब येताहेत."

"उद्या?"

"ओरडू नका. कोणाला बोलू नका, उगीच घाबरतील. साहेबांना तुमचा बटाट्यांचा उपक्रम दाखवू. साठ डोकी दिसली पाहिजेत, एवढंच."

*

दुसऱ्या दिवशी मास्तर दहा वाजता फाटकातून आत आले आणि जागच्या जागी थबकले.

आवाज नव्हता.

शाळेत आवाज नसणं म्हणजे काय, हे ज्यानं शाळा पाहिली आहे त्यालाच कळेल. वर्गांची दारं सताड उघडी, बाकं रिकामी, पटांगणात एक कुत्रं आणि तेही मास्तरांकडे 'तुम्ही कसे?' अशा नजरेनं बघणारं. साथ आली की काय? पूल पडला की काय?

"को... कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर आलं! नकाशांच्या खोलीतून आलं. धप्प! मग काहीतरी सरपटल्याचा आवाज. मग पुन्हा सामसूम.

मास्तरांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, एकदा सोडून सात वेळा, आणि नकाशांच्या खोलीकडे पाठ न करता, खेकड्यासारखे आडवे चालत व्हरांड्यात पोचले. तिथल्या फळ्यावर शिपाईमामांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं:

*आज शाळा बंद. येणाऱ्यास तोफ. – आज्ञेवरून.*

"मामा!" मास्तरांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. मामा बादली घेऊन आले.

"बोला. सुट्टी आहे म्हटलं, फरश्या धुऊन घेऊ."

"सुट्टी? कोणी दिली?"

"आता घ्या! कोणी दिली म्हणे! सूचना आली, साऱ्यांनी सही केली, तुम्हीपण केलीत. जागा मोठी नव्हती म्हणून मी फळ्यावर तोफ थोडक्यात घेतली."

मामांनी वही आणून उघडली. मास्तरांनी कागद बघितला. जांभळा शिक्का. पुस्तक. दिवा. आणि ज्योतीत... पांढरा ठिपका!

कागदाखाली चार सह्या होत्या. चौथी त्यांची स्वतःची. सहीवर बटाट्याचं वाळलेलं सालसुद्धा चिकटलं होतं!

सव्वादहा झाले होते. बाराला साहेब. साठ डोकी हवी होती, आणि शाळेत होती मास्तर, मामा आणि कुत्रं. मास्तरांना सरहद्दीवरची खोली दिसायला लागली. एक खाट, एक स्टोव्ह आणि इथे वडिलांना कुशीवर वळवायला कोणी नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मोठ्या बाई! टाच टाक टाक वाजवत येणाऱ्या.

आता खरी परीक्षा होती बरं का. मामांकडे बोट दाखवलं असतं तर सुटका होती. वही यांनी उचलली, यांनी फिरवली! मास्तरांची जीभ तिकडे वळलीही होती. पण समोर मामा, हातात बादली, चेहरा असा भाबडा की जणू गाय. मास्तरांनी मनात म्हटलं, 'देवा, तूच आता लाज राख,' आणि तोंड उघडलं.

"बाई, तो बटाटा माझा आहे."

"कोणता बटाटा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. बाईंनी कागद घेतला. एकदा वाचला. दोनदा वाचला. मास्तर डोळे मिटून तोफेची वाट बघत उभे राहिले.

बराच वेळ तोफ उडाली नाही. मग बाईंचा आवाज आला, पण भलताच बारीक.

"मास्तर... मी अशी लिहिते?"

मास्तरांनी मामांकडे बघितलं. मामांनी बादलीत बघितलं.

"म्हणजे... तोफ सोडून," मास्तर म्हणाले.

"आणि कोणालाच वाटलं नाही, की एकदा येऊन मला विचारावं?"

"विचारायचं धाडस..." मास्तरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

बाई काही बोलणार, तोच फाटकातून आवाज आला, "कोणी आलंय का आज? नावं सांगा!"

वकीलबाई! एका हातात वही, एका हातात पेन्सिल.

"तू कशी आलीस?" बाईंनी विचारलं.

"आज्ञा पाळली का ते बघायला. आज्ञा प्रजेला असते, राजाला नसते. मास्तरांनीच सांगितलंय." तिनं वहीत टिपलं. "मास्तर, बाई, मामा. तिघं आलात. तोफ."

"अगं बाळा," मास्तर हात जोडून म्हणाले, "ती आज्ञा मागे घे! साहेब येताहेत. मुलं नसली तर शाळा जाईल!"

वकीलबाईनं विचार केला. "तोंडी नाही मागे घेता येत. नवी लिहावी लागेल. शिक्क्यासह."

"शिक्का कपाटात आहे," बाई म्हणाल्या. "किल्ली लिपिकाकडे. आणि तो..."

"सुट्टीवर," मामांनी भर घातली.

वकीलबाईनं खिशात हात घालून हळूच बटाटा काढला. एका दिवसात तो सुकून म्हाताऱ्याच्या गालासारखा आक्रसला होता.

मोठ्या बाईंनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आमच्या आज्ञेव...' थांबल्या. खोडलं. पुन्हा लिहिलं, 'मुलांनो, शाळेत या. आम्ही वाट बघतो आहोत.' आणि खाली, एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, स्वतःच्या हातानं बटाटा उमटवला.

*

आता हा कागद घेऊन गल्लोगल्ली फिरणार कोण? मामा हजेरीची वही शोधत होते, बाई साहेबांची वाट अडवायला फाटकाशी थांबणार होत्या. उरले मास्तर!

वकीलबाईनं शाळेची घंटा त्यांच्या हातात दिली. पहिल्या गल्लीत मास्तरांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, "ऐका हो... ऐका."

मांजरानंसुद्धा ऐकलं नाही.

"मास्तर, यानं तर मुंगी पण येणार नाही," वकीलबाई म्हणाली. "प्रार्थनेसारखं म्हणा ना!"

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. मगरीनं पाय धरल्यावर गजेंद्रानं सोंड वर करून हाक मारली होती, तेव्हा लोक काय म्हणतील याचा विचार केला होता का? त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेच्या चालीवर सूर लावला:

"ऐका हो ऐका! आज्ञा फिरली हो! तोफ मोडली हो! शाळेला चला हो!"

काय तो सूर! खिडक्या उघडल्या, दारं उघडली. दुसरीतला एक पोरगा बनियनवर बाहेर आला.

"शिक्का दाखवा."

वकीलबाईनं कागद उलगडला.

"हा लहान आहे. कालचा मोठा होता."

"काल राज्य मोठं होतं," वकीलबाई म्हणाली. "आता चल!"

मग रांगच लागली! कोणी अंघोळीचं डोकं ओलं घेऊन आलं, कोणी तोंडात ब्रश घेऊन, कोणी एका पायात चप्पल घालून. तिसरीचे गुरुजी न्हाव्याच्या खुर्चीत सापडले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. "तोफ खरंच मोडली ना?" एवढंच विचारून तसेच उठले. पहिलीतली पोरं मात्र यायला तयार नव्हती. शेवटी मास्तरांनी 'तोफ मोडली हो' हे कडवं प्रत्येक दारापुढे तीन तीनदा म्हटलं. पहिलीच्या बाई आणि दुसरीच्या बाई धुण्यानं भिजलेले पदर पिळत मागे लागल्या. सगळ्यांत पुढे घंटा वाजवणारे, डोळ्यांत पाणी, गळ्यात सूर असे सहा फुटी मास्तर!

मिरवणूक फाटकात शिरली तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती आणि साहेब आलेले होते.

साहेब किरकोळ अंगाचे, खाकेत फुगलेली पिशवी. काही न बोलता ते रांगेवरून बोट फिरवत मोजायला लागले. मास्तरांच्या ओठांवर आकडे फिरत होते. पन्नास... पंचावन्न... अठ्ठावन्न... एकोणसाठ.

बोट थांबलं. रांग संपली.

"एकोणसाठ," साहेब म्हणाले.

मास्तरांना भोवळच यायची बाकी होती. बाकीची मुलं सुट्टी म्हणून मामाच्या, मावशीच्या घरी गेली होती. एक! एका मुलावरून शाळा जाणार!

धप्प!

पुन्हा नकाशांची खोली! या वेळी मात्र मास्तर मागे सरले नाहीत. सरहद्दीच्या भीतीपुढे भुताची भीती ती काय! त्यांनी धावत जाऊन दार ढकललं. कोपऱ्यात जगाचा मोठा नकाशा गुंडाळून उभा होता, आणि त्याच्या खालून दोन बारीक पाय बाहेर आले होते.

मास्तरांनी नकाशा उलगडला. आतून पहिलीतली एक चिमुरडी निघाली. काल ती आजारी होती. तिला सूचना माहीत नव्हती. सकाळी लवकर येऊन, नुकतीच अक्षरं शिकली म्हणून तिनं हौसेनं फळा वाचायला घेतला होता. 'तोफ' जुळवून होईतो फार उशीर झाला होता.

"मला उडवू नका ना," ती म्हणाली.

मास्तरांनी तिला कडेवर घेतलं. "अगं सोनू, तूच तर आम्हाला वाचवलंस!"

"साठ," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

मास्तर मटकन पायरीवर बसले. पण तपासणी संपली नव्हती! साहेब चौथीत जाऊन बसले. फळ्याजवळ बटाट्यांची आरास होती. साहेबांनी एक उचलून निरखला.

"सांगा बरं, राजाच्या शिक्क्याचा उपयोग काय?"

मागच्या बाकावरचा हात वर गेला. मास्तरांनी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं विनवण्या केल्या. व्यर्थ!

"शिक्का असला की कोणी वाचत नाही," वकीलबाई म्हणाली. "सरळ सही करतात."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिसरीच्या गुरुजींनी उरलेला फेस पुसला. मास्तर भिंतीत शिरायला जागा शोधत होते.

साहेबांनी हातातलं पेन टोपणात घातलं. आपली फुगलेली पिशवी उघडली. सकाळी सह्या करून आणलेला कागदांचा गठ्ठा बाहेर काढला आणि पहिल्या पानापासून शांतपणे वाचायला सुरुवात केली. चार वाजेपर्यंत वाचत होते. मध्ये दोनदा स्वतःशीच "अरे बापरे" म्हणाले. जाताना शेरा लिहिला, 'इतिहास उत्तम शिकवला जातो. शाळा चालू ठेवावी.' आणि शेरा लिहून झाल्यावर तोही एकदा वाचला.

*

मास्तरांची छाती दोन दिवस खाली बसली नाही. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते ऐटीत सांगत होते, "पुढच्या महिन्यात किल्ला! खरा, मातीचा, खंदकासकट! आणि खंदकात पाणी!"

"पाणी कुठून आणणार?" दुसरीच्या बाईंनी विचारलं.

"नळाला मोठी नळी लावायची! उतार असा काढायचा, की..."

मामा सूचनावही घेऊन आले. मास्तरांनी एका हातानं हवेत उतार दाखवत दुसऱ्या हातानं सही ठोकली. त्यामागे तिसरीच्या गुरुजींनी, मग दोन्ही बाईंनी.

शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर पिशवी घेऊन निघाले, तर दारात मामा उभे. हातात चार झाडू.

"हे काय?"

मामांनी वही पुढे धरली. मोठ्या बाईंचं सुवाच्य अक्षर. खाली शिक्का, ठिपका नसलेला, अस्सल:

*कृपया सर्व सूचना वाचूनच सही करावी, ही विनंती. ही सूचना न वाचता जे सही करतील, त्यांनी शनिवारी शाळेचे सर्व वर्ग स्वतः झाडावेत.*

"तोफ नाहीये यात," मामा झाडू देत म्हणाले. "मी बघून घेतलं."